डॉक्टर दारात आले तर?

दोस्तांनो, सोलापूर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? चादर, शेंगांची चटणी, भुईकोट किल्ला आणि तलावातलं सिद्धेश्वराचं देऊळ. हे सगळं बघाच. पण मग माझ्याबरोबर शहराच्या पूर्व भागात चला.

इथे यंत्रमागांची खटखट ऐकू येते. दारात बसून बायका विड्या वळतात. घरात तेलुगू, शाळेत मराठी, शेजारी कुणी कन्नड बोलणारं! आणि उंबऱ्याशी पाय पसरून झोपलेलं एखादं कुत्रं.

अशाच एका दारात मला चिंगी भेटली. पोटाशी सहा पिल्लं लुचत होती.

"वर्षातली ही दुसरी खेप," घरातली अक्का म्हणाली. "मागची पाच होती. दोन गाडीखाली गेली, एक आजारानं. बाकीची कुठं गेली, देव जाणे."

"मग ऑपरेशन का नाही करून घेत?"

"विड्या वळल्या तर मजुरी, सर. दिवस मोडून हिला नेऊ कशी? कुत्रं बघून रिक्षावाला थांबतच नाही!"

तिचा दहा वर्षांचा मुलगा मित्राला हळूच विचारत होता, "तिला दुखेल का बे?"

नाही दुखणार. पशुवैद्य आधी गुंगी देतात, मग गर्भाशय आणि बीजकोश काढून टाके घालतात. आठ-दहा दिवस टाके चाटू द्यायचे नाहीत, एवढंच. नाहीतर काय होतं? कुत्रीच्या पोटात पिल्लं जेमतेम दोन महिने वाढतात. वर्षातून दोन वेळा पाच-सहा पिल्लं; त्यांतल्या माद्यांना पुढल्या वर्षी पुन्हा पिल्लं. करा हिशेब!

रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी केंद्र सरकारने 2001 साली नियम केले, 2023 साली नवे आणले. नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची आणि कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडायचं. पण चिंगीला घर आहे. तिची जबाबदारी अक्काची.

म्हणूनच फिरता दवाखाना हवा. 2013 साली 'मिशन रेबीज'चा एक मोठा ट्रक भारतात फिरला. ऑपरेशनची सोय ट्रकमध्येच! पुढे गोव्यात त्यांची माणसं लस घेऊन गल्लोगल्ली गेली, शाळांत जाऊन मुलांशी बोलली. 2018 ते 2020 या तीन वर्षांत गोव्यात रेबीजने एकही माणूस दगावल्याची नोंद नाही.

डॉक्टरने रोग्याकडे जायचं, हे सोलापूरला काही नवं नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथलेच. 1938 साली ते चीनला गेले, युद्धातल्या जखमींवर उपचार करत राहिले आणि 1942 साली तिथेच वारले. भैय्या चौकात त्यांचं स्मारक आहे, जरूर बघा.

आणि हो, कुत्रं चावलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. चुना, हळद, तिखट काही लावू नका. घरी लपवू नका. लगेच डॉक्टरांकडे जाऊन लस घ्या. रेबीज एकदा झाला की त्यावर इलाज नाही.

निघताना त्या मुलाने मला वही दाखवली. चार पिल्लांसाठी चार घरं त्याने शोधली होती. "आणि चिंगीचं काय?" मी विचारलं.

"पिल्लं दूध सोडू देत. मग काकाची हातगाडी आहे ना, सुताचे गठ्ठे न्यायची! कारखान्याला सुट्टी असली की तिच्यावर बसवून नेणार. मी धरीन, हा ढकलेल."

मित्राने मान हलवली. चिंगी मात्र खुशाल झोपली होती.