आमच्या टीव्हीवरचा 'डकटेल्स' जरा हळू चालायचा

गेल्या महिन्यात सलग तीन रविवार मी एकच उद्योग केला. लहानपणीचा एक व्हिडिओ गेम माळ्यावरून काढला, खेळले आणि खेळता खेळता रेकॉर्ड केला. घरच्यांनी दोन रविवार सहन केलं. तिसऱ्या रविवारी मुलीने विचारलंच, "आई, याचे व्हिडिओ नेटवर ढिगाने आहेत. तू कशाला करतेस?" प्रश्न बरोबर होता. उत्तर मलाच रेकॉर्डिंग करता करता सापडलं, म्हणून ही पोस्ट.

गेम 'डकटेल्स'. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९८९ मध्ये निन्टेन्डोच्या यंत्रासाठी काढलेला. मूळ कार्टून डिस्नेचं, १९८७ चं. आपल्याकडे ते दूरदर्शनवर रविवारी हिंदीतून लागायचं, हे माझ्या वयाच्या कुणालाही सांगायला नको. कार्टूनमधला कंजूष अंकल स्क्रूज काठी टेकत चालतो. गेम बनवणाऱ्यांनी त्याच काठीवर त्याला उड्या मारायला लावलं. हवेत असताना खालचं बटण आणि 'बी' दाबून धरायचं, की काठी खाली आणि म्हातारा टण् टण् करत शत्रूंच्या डोक्यावरून पुढे. अ‍ॅमेझॉन, ट्रान्सिल्व्हेनिया, आफ्रिकेतल्या खाणी, हिमालय आणि चंद्र अशा पाच जागा, हव्या त्या क्रमाने निवडायच्या. हिमालयात मात्र काठी बर्फात रुतते, म्हातारा अडकून बसतो आणि तेवढ्यात कुणीतरी येऊन धडकतं.

आमच्याकडचं यंत्र अर्थातच नकली होतं. मिरजेच्या बाजारातून बाबांनी आणलेलं, सोबत दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. (हो, आम्ही कॅसेटच म्हणायचो. आत टेप नव्हती तरी.) लागली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत बसवायची. गेम एकट्याने खेळायचा, त्यामुळे दादा मेला की माझा नंबर. आणि दादा लवकर मरायचा नाही. या गेममध्ये खेळ साठवून ठेवायची सोयच नाही. जे काही करायचं ते एका बैठकीत. लाईट गेली की अमेझॉनपासून परत. शेवट आम्ही दोघांनीही कधी पाहिला नाही.

तर आता यंत्र काढलं. अ‍ॅडॅप्टर जळालेला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी टीव्ही दुरुस्त करणारे एक काका आहेत, त्यांनी दुसरा जोडून दिला, आतला एक कपॅसिटरही बदलला. वर म्हणाले, "ताई, हे आता कोणी आणत नाही. मी पण दिवाळीनंतर दुकान बंद करतोय." यंत्राच्या पिवळ्या-पांढऱ्या पिना एका स्वस्त कॅप्चर कार्डात घातल्या, ते कार्ड लॅपटॉपला, आणि सुरू.

पहिलं रेकॉर्डिंग बघितलं तर गंमत. एका ठिकाणी मी मेले, पण ज्याने मारलं तो पडद्यावर नाहीच! मी तर खेळताना त्याला पाहिला होता. नंतर कळलं. हे यंत्र एका आडव्या ओळीत चित्राचे आठच हलते तुकडे दाखवू शकतं. जास्त झाले की आळीपाळी करतं, या फ्रेमला हा, पुढच्या फ्रेमला तो. डोळ्याला ते नुसतं लुकलुकल्यासारखं वाटतं. पण माझं कार्ड सेकंदाला २५ चित्रं पकडत होतं, म्हणजे एक आड एक. ज्याची पाळी सुटलेल्या फ्रेममध्ये, तो रेकॉर्डिंगमधून गायब. सेटिंग बदलून सेकंदाला ५० केली तेव्हा शत्रू परत आले.

आणि इथेच खरी गोष्ट लक्षात आली. ५० का? कारण आपल्याकडची टीव्हीची पद्धत सेकंदाला ५० ची होती, जपान-अमेरिकेत ६० ची. हा गेम त्या ६० साठी बनला. त्यातली प्रत्येक उडी आणि गाण्याचा प्रत्येक सूर फ्रेम मोजून चालतो. ५० च्या यंत्रावर तोच गेम साधारण एक षष्ठांशाने हळू होतो. चंद्राच्या पातळीचं ते गाणं, ज्यावर जगभरातले लोक जीव टाकतात, ते आम्ही हळू ऐकलं. उड्या पण हळू मारल्या. नेटवरच्या ज्या व्हिडिओंबद्दल मुलगी बोलत होती, त्यातले मी पाहिलेले सगळे ६० चे होते. आम्ही खेळलेला गेम त्यात मला सापडला नाही.

कंपनीने काही केलं नाही असं नाही. २०१३ मध्ये नवी चित्रं घालून हा गेम पुन्हा आला. २०१९ मध्ये तो डिजिटल दुकानांतून काढला गेला आणि काही महिन्यांनी, २०२० मध्ये, परत ठेवला. २०१७ मध्ये जुन्या सहा गेमचा संचही आला. म्हणजे मालकाच्या मनात असेल तेव्हा आणि तेवढंच. आणि हा तर नशीबवान गेम. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये अभ्यास केला, तेव्हा तिथे २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत असं दिसलं.

आपल्याकडे काय? पुस्तकांसाठी १९५४ चा कायदा आहे, प्रकाशकाने राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत पाठवायची. सिनेमासाठी पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. पण तोवर उशीर झाला होता. १९३१ चा 'आलम आरा', आपला पहिला बोलपट, त्याची एकही प्रत आज ज्ञात नाही. गेमसाठी असा कायदा नाही. फ्रान्सने १९९२ मध्येच आपल्या प्रत जमा करण्याच्या कायद्यात गेम घेतले. आपण गेम बनवत नव्हतो असंही नाही. मुंबईत १९९९ मध्ये सुरू झालेल्या इंडियागेम्सने साध्या मोबाइलसाठी कितीतरी गेम केले. त्यातले किती आज चालवून बघता येतील?

कोणी म्हणेल, तुमची कॅसेट तर चोरीची होती, तिचं काय जतन करायचं? चोरीची होती, मान्य. मी तिचं समर्थन करत नाही, ती कॉपी करून वाटायलाही सांगत नाही. पण आपल्या लहान गावांतल्या कितीतरी घरांत हा खेळ अशाच कॅसेटमधून शिरला, हेही खरंच आहे. मालक ही आवृत्ती कधी जपणार नाही, कारण ती त्याची नाही. सरकार जपणार नाही, कारण ती कायदेशीर नाही. मग ती जपायची कोणी? ज्यांच्या माळ्यावर आहे त्यांनी. निदान ती कशी दिसायची, कशी ऐकू यायची, एवढी नोंद तरी.

तिसऱ्या रविवारी ट्रान्सिल्व्हेनियात ड्रॅक्युला बदकाला हरवलं आणि पहिल्यांदा शेवट पाहिला. रेकॉर्डिंग दादाला पाठवलं. तो बारा वर्षं परदेशात आहे, २०१७ चा तो संच त्याच्याकडे आहे. रात्री त्याचा फोन आला. शेवटाबद्दल अवाक्षर नाही. म्हणाला, "अगं, मी विकत घेतलेल्यात गाणं पळत असतं. मला वाटायचं मलाच नीट आठवत नाही. हे बरोबर आहे."

तर विनंती एवढीच. दिवाळीच्या साफसफाईत असं यंत्र निघालं तर भंगारात घालण्याआधी एकदा लावून बघा. चालत असेल तर रेकॉर्ड करा, सेकंदाला ५० चित्रांनी. चालत नसेल तर दुरुस्त करणारे काका दुकान बंद करायच्या आत त्यांच्याकडे न्या. आणि कुठून आणलं, कितीला आणलं, कोण कोण खेळायचं, हे चार ओळींत लिहून त्याच डब्यात ठेवा.