सुरुंगापासून लोणारपर्यंत : आघाततरंगांचे भौतिकशास्त्र

पदार्थातून, त्या पदार्थातील ध्वनीपेक्षा अधिक वेगाने पुढे सरकणाऱ्या दाबाच्या उभ्या पायरीला आघाततरंग म्हणतात. पायरीच्या पुढचा पदार्थ मूळ स्थितीत असतो. मागच्या बाजूला दाब, घनता, तापमान आणि कणांचा वेग एकदम चढलेला असतो. हवेतील जोरदार आघाततरंगाची जाडी एका मायक्रॉनहूनही कमी असते.

ही पायरी क्रमाने घडते. 20 अंश सेल्सिअसच्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. दाबली गेलेली हवा तापते, तापलेल्या हवेत ध्वनीचा वेग वाढतो, शिवाय ती हवा स्वतःही पुढे सरकत असते. त्यामुळे लहरीचा मागचा, जास्त दाबाचा भाग पुढच्या भागाला गाठतो आणि लहरीचा चढ उभा होत जातो. विरलनाची, म्हणजे दाब उतरवणारी, लहर उलट पसरत जाते. म्हणून सर्वसाधारण वायूत दाब चढवणारे आघाततरंग तयार होतात, उतरवणारे नाहीत.

साधी लहर आणि आघाततरंग यांच्यामध्ये त्वरण-तरंग येतो. त्यात दाब आणि वेग सलग राहतात, फक्त त्वरण एकदम बदलते. आलेखातील रेषा तुटत नाही, तिला कोपरा येतो. हा कोपरा स्थानिक ध्वनिवेगाने सरकतो. घर्षण आणि उष्णतावहन नगण्य असलेल्या वायूत दाब वाढवणारा सपाट त्वरण-तरंग ठरावीक काळात आघाततरंग बनतो. ऊर्जा शोषणाऱ्या पदार्थात मात्र त्याची तीव्रता एका मर्यादेहून जास्त असावी लागते. कमी असल्यास तो विरून जातो.

पायरीच्या दोन्ही बाजूंची नाती वस्तुमान, संवेग आणि ऊर्जा यांच्या अक्षय्यतेवरून मिळतात. रँकिन यांनी 1870 मध्ये आणि ह्यूगोनियो यांनी 1880च्या दशकात ती मांडली. त्यांनुसार हवेत ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारा तरंग दाब 4.5 पट आणि घनता सुमारे 2.7 पट करतो. दाब कितीही वाढवला, तरी आदर्श द्विअणू वायूची घनता एका आघातात 6 पटींपलीकडे जात नाही.

घन पदार्थात ताकदीचाही प्रश्न येतो. आघात मध्यम असेल तर तरंग दुभंगतो : पुढे वेगवान स्थितिस्थापक तरंग धावतो आणि मागून पदार्थाला कायमचा बदलणारा तरंग येतो. जालना जिल्ह्यात विहीर खोदताना कातळ लागला की सुरुंग लावतात. छिद्रालगतचा कातळ दाबाने चुरडतो. तरंग मोकळ्या पृष्ठभागापर्यंत पोहोचला की ताणाच्या रूपात परततो. कातळ दाब पुष्कळ सोसतो, ताण फार थोडा. म्हणून तो तिथे फुटतो, आणि स्फोटाचे वायू तुकडे ढकलून देतात. सच्छिद्र मुरमात मात्र पोकळ्या मिटण्यातच ऊर्जा खर्च होते आणि तरंग लवकर मंदावतो.

जालन्यातील मंठा तालुक्याच्या पलीकडे, बुलढाणा जिल्ह्यात, याच कातळात, म्हणजे दख्खनी बेसाल्टमध्ये, लोणारचे सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे विवर आहे. ते अशनीच्या आघाताने झाले, याचे खनिजांतील पुरावे फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी 1973 मध्ये ‘सायन्स’मध्ये मांडले. अशनी खडकाळ आणि त्याचा वेग सेकंदाला 15 किलोमीटर मानला, तर आघातबिंदूपाशी दाब 300 गिगापास्कलच्या घरात जातो. एक गिगापास्कल म्हणजे सुमारे 10,000 वातावरणांचा दाब.

तरंग सर्व दिशांना पसरला तसा दाब घटत गेला आणि प्रत्येक टप्प्याची खूण खडकात उरली. साधारण 20 गिगापास्कलखाली बेसाल्टला तडे गेले. 20 ते 40 गिगापास्कलमध्ये त्यातील प्लॅजिओक्लेज हे खनिज न वितळताच काचरूप झाले. या काचेला मॅस्केलिनाइट म्हणतात. त्याहून वर प्लॅजिओक्लेज वितळले आणि सुमारे 80 गिगापास्कलपलीकडे सगळा खडकच वितळला. ज्वालामुखीत इतका दाब क्षणात येत नाही, म्हणून मॅस्केलिनाइट हा आघाताचा भक्कम पुरावा ठरतो.

विवर मात्र केवळ दाबाने खोदले गेले नाही. जमिनीच्या मोकळ्या पृष्ठभागावरून परतलेल्या विरलनाच्या लहरींनी दाबलेल्या खडकाला वर आणि बाहेर गती दिली. त्यातून खळगा आणि उंच काठ तयार झाला. आणखी दूर तरंगाचा दाब खडकाच्या स्थितिस्थापक मर्यादेखाली आला. तिथून पुढे तो सेकंदाला सुमारे 5 ते 6 किलोमीटर वेगाने जाणारी साधी भूकंपलहर झाला.