घोड्याच्या वाटेवरून सायकल

साठीनंतर पुन्हा सायकलवर बसण्याचा विचार मनात आला की दोन गोष्टींचे भय वाटते. एक पडण्याचे आणि दुसरे चढाचे. पडण्याविषयी पुढे लिहीतच आहे. चढाची धास्ती असेल, तर मात्र एखाद्या जुन्या कालव्याच्या काठाने जावे. कालव्याचे पाणी चढ चढत नाही, म्हणून त्याच्या काठची वाटही चढत नाही. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला बाथ नावाचे जुने शहर आहे. तिथून निघणारी अशी एक वाट गेल्या मे महिन्यात मी माझ्या पतींबरोबर सायकलवरून पाहिली. त्यांचे वय ७१, माझे ६६, आणि त्यांच्या बायपास शस्त्रक्रियेला दोन वर्षे होऊन गेली होती.

त्या दोन वर्षांत आमच्या घरात 'नको' हा शब्द फार वापरला गेला. जिना नको, पिशवी नको, उन्हात नको. बहुतेक वेळा तो मीच उच्चारलेला असे. ज्यांनी घरातील आजारी माणसाची काळजी घेतली आहे, त्यांना याहून अधिक सांगायला नको. हृदयरोगतज्ज्ञांनी सपाट रस्त्यावर सायकल चालवण्यास परवानगी दिली, तेव्हा "कागदावर लिहून द्याल का?" असे मी त्यांना विचारले होते. ते हसले, पण त्यांनी लिहून दिले. पुण्यात उभी नोकरी सायकलवरून केलेला माणूस मात्र त्या कागदाची घडी खिशात घालूनही सोसायटीच्या फाटकाबाहेर पडला नाही. रस्त्यांवरची रहदारी पाहता त्यांचेही चुकले नाही. बाथला राहणाऱ्या आमच्या मुलीने कालव्याचा विषय काढला, तो यामुळेच.

या कालव्याचे नाव केनेट अँड एव्हन. पूर्वेकडील रेडिंगपासून पश्चिमेकडील ब्रिस्टलपर्यंतचा हा सुमारे १४० किलोमीटरचा जलमार्ग जॉन रेनी या अभियंत्याच्या देखरेखीखाली पूर्ण होऊन १८१० मध्ये सलग खुला झाला. त्यात काही भाग नदीचा, काही खोदलेल्या कालव्याचा. आपल्याकडचे कालवे शेताला पाणी देण्यासाठी. हा मालाच्या नावांसाठी. नावा घोडे ओढत. घोडा काठाने चालत असे आणि त्याला बांधलेला लांब दोर पाण्यावरील नावेला ओढत नेई. गाडीतून ओढता येईल त्याच्या कितीतरी पट ओझे एकच घोडा पाण्यावरून नेऊ शकतो. इंग्लंडमधील कित्येक जुन्या पुलांच्या कोपऱ्यांवर त्या दोरांनी घासून पाडलेल्या खाचा अजून दिसतात. घोड्याची ती वाट म्हणजेच 'टो-पाथ'. पुढे शेजारून रेल्वे आली आणि मालवाहतूक तिच्याकडे गेली. १८५२ मध्ये तर रेल्वे कंपनीनेच कालवा विकत घेतला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो जागोजागी गळून, गाळाने भरून निकामी झाला होता. स्थानिक लोकांनी अनेक वर्षे श्रमदान करून तो पुन्हा उभा केला आणि १९९० मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते तो पुन्हा सुरू झाला. आज घोडे नाहीत; त्यांच्या वाटेवर चालणारे आणि सायकलवाले आहेत.

आता सायकलीविषयी. आम्ही दोन सायकली दिवसाच्या भाड्याने घेतल्या. दुकानातील तरुणाने माझ्या पतींसमोर मधला दांडा खाली असलेली, म्हणजे आपण जिला लेडीज सायकल म्हणतो ती ठेवली आणि त्यांचा चेहरा उतरला. मुलगी म्हणाली, "बाबा, इथे सगळेच आजोबा हीच घेतात." आपण घेणार असाल तर हीच घ्यावी. पाय उंच करून दांड्यावरून टाकताना तोल जातो आणि ज्येष्ठांचे पडणे पुष्कळदा चढता-उतरतानाच होते. बैठक एवढी खाली ठेवावी की थांबताक्षणी पावले जमिनीला टेकतील. शिरस्त्राण हवेच. रक्त पातळ होण्याची औषधे चालू असतील तर डोक्याचा किरकोळ वाटणारा मारही डॉक्टरांना दाखवावा. बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांची नाडी श्रमातही फारशी वाढत नाही, म्हणून मनगटावरील घड्याळाच्या आकड्यावर विसंबू नये. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येत असेल तर वेग ठीक. वाक्य तुटू लागले की उतरावे.

आम्ही सिडनी गार्डन्स या बागेतून निघालो. बाथमध्ये नदीच्या पातळीवरून वर येण्यासाठी कालव्याला सहा लॉक आहेत. लॉक म्हणजे दोन दारांमधील पाण्याची खोली. आत नाव घेऊन पाणी भरले की नाव वर येते. बाग या सहाही लॉकच्या पुढे आहे, म्हणून तेवढा चढ वाचतो, आणि तिथून ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनपर्यंतच्या सुमारे १५ किलोमीटरमध्ये एकही लॉक नाही. म्हणजे संपूर्ण वाट एका पातळीवर. खाली एव्हन नदी, पलीकडे रेल्वे, आणि झाडीने भरलेल्या टेकडीच्या कुशीतून वळसे घेत जाणारा कालवा. काठाला अरुंद लांबट होड्या बांधलेल्या. त्यांच्या छपरांवर कुंड्या, सरपणाच्या मोळ्या, एखादे मांजर. कित्येक माणसे त्यांतच राहतात. रानात लसणाचा वास येत होता. ती इथली रानलसूण. काठाशी वाढणाऱ्या नेटल नावाच्या झुडपाला मात्र हात लावू नये, फार आग होते. वाटेवर पहिला मान चालणाऱ्यांचा. घंटी हळूच वाजवावी आणि पुलांखाली, जिथे वाट अरुंद होऊन पाण्याला चिकटते, तिथे निमूटपणे उतरून सायकल हाती धरावी. आम्ही प्रत्येक पुलाखाली उतरलो. त्यात कमीपणा काहीच नाही.

मी त्यांच्या मागे राहिले होते. त्यांचे खांदे, त्यांचा श्वास, मानेवरचा घाम, एवढेच पाहत होते. क्लॅव्हर्टनला नदीच्याच जोरावर फिरणाऱ्या पाणचक्कीने नदीचे पाणी कालव्यात चढवण्याची सोय १८१३ पासून आहे. ते ठिकाण मी जवळजवळ पाहिलेच नाही. पुढे डंडसचा जलसेतू आला. १८०५ मध्ये पूर्ण झालेल्या या दगडी पुलावरून कालवा आपल्या पाण्यासह नदी ओलांडतो. नदीवरून दुसरे पाणी जाताना पाहून माझे पती लहान मुलासारखे कठड्याशी उभे राहिले. "अगं, बघ तरी," ते म्हणाले. मला उत्तर देता आले नाही. माझेच वाक्य तुटत होते.

मी तरी पुढे रेटले. एव्हनक्लिफला दुसरा जलसेतू आहे. त्याची मधली कमान बांधल्यानंतर लवकरच थोडी खचली, ती तशीच अजून उभी आहे. इथे वाट पुलाखालून पलीकडच्या काठाला जाते. त्या छोट्याशा उतारावर सायकल हाती धरून जाताना माझ्या मांड्या थरथरू लागल्या आणि मी गवतावर बसले. दोन वर्षे त्यांच्या गोळ्यांचे डबे भरले, त्यांचे रक्तदाब वहीत टिपले, त्यांच्याबरोबर सावकाश फेऱ्या मारल्या. माझा स्वतःचा व्यायाम, माझी तपासणी, वर्षभर राहिलेली साखरेची चाचणी, यांपैकी काहीच वहीत नव्हते. त्यांनी माझ्या हातात पाण्याची बाटली दिली, माझी नाडी धरली आणि घड्याळाकडे पाहत बसले. ही कृती ते माझ्याकडूनच शिकले होते.

ब्रॅडफर्ड तिथून जेमतेम अडीच किलोमीटर. "आलोच आहोत, जाऊ," मी म्हणाले. ते म्हणाले, "नको."

एव्हनक्लिफला चिमुकले रेल्वे स्थानक आहे. गाडी तिथे आपणहून थांबत नाही. फलाटावर उभे राहून, एस.टी.ला दाखवावा तसा हात दाखवावा लागतो. त्यांनी हात दाखवला आणि गाडी थांबली. या वाटेचा खरा गुण मला तेव्हा कळला. रेल्वे तिच्या सोबतीने जाते, त्यामुळे वाटेतल्या स्थानकावर थांबून परतता येते. डब्यात सायकलींना जागा थोडी असते, एवढे ध्यानात ठेवावे. चार दिवसांनी आम्ही त्याच स्थानकावर उतरलो आणि राहिलेले अडीच किलोमीटर, तीन वेळा थांबून, पूर्ण केले. ब्रॅडफर्डला चौदाव्या शतकातील दगडी कोठार आहे. त्याच्या लाकडी आढ्याखाली थंडाव्यात बसून आम्ही घरून नेलेले धपाटे खाल्ले. पुण्यास परतल्यावर माझी साखर थोडी वाढलेली निघाली. औषध सुरू आहे आणि वहीत आता दोन रकाने आहेत.

त्याच कालव्यावर पुढे डिव्हायझेसजवळ केन हिल आहे. तिथे मात्र पाण्यालाही चढावे लागते. सुमारे सव्वातीन किलोमीटरमध्ये २९ लॉक, ७२ मीटरचा चढ, त्यांतील १६ लॉक टेकडीवर एका ओळीत जिन्यासारखे. नाव वर न्यायला पाच-सहा तास लागतात. तिथे आम्ही मुलीच्या गाडीने गेलो आणि काठाने पायी हिंडलो. एका लॉकवर वृद्ध जोडपे आपली नाव वर नेत होते. बाई सुकाणूवर, गृहस्थ दारापाशी. दाराला जोडलेला लांबलचक लाकडी दांडा पाठीने रेटावा लागतो, पण दोन्हीकडचे पाणी समपातळीत आल्यावरच. त्याआधी कितीही जोर लावला तरी दार हलत नाही. माझ्या पतींनी मदत करण्यासाठी बाह्या सरसावल्या. श्वास रोखून जड रेटणे त्यांना मना आहे, हे आठवून मी तोंड उघडण्याआधीच ते मागे सरले.

"मग तू लाव पाठ," ते म्हणाले.

मी त्या गृहस्थांशेजारी दांड्याला पाठ टेकली, टाचा विटांत रोवल्या आणि पाणी वर येण्याची वाट पाहत उभी राहिले. थोड्या वेळाने दार सावकाश हलले.