चौथा रकाना

सरकारी नोकरीत मी ३४ वर्षे काढली आणि त्यांतील बराचसा काळ निविदांच्या तुलनात्मक तक्त्यांवर सह्या करण्यात गेला. कचेरीसाठी खुर्च्या घ्यायच्या असोत की रस्त्यावर खडी टाकायची असो, निदान तीन दरपत्रके मागवावीत, ती एका तक्त्यात शेजारी-शेजारी मांडावीत आणि अटींत बसणारे कमीत कमी दराचे स्वीकारावे, ही रीत अंगवळणी पडली होती. गेल्या वर्षी आमच्या नातीने पियानो शिकण्याचा हट्ट धरला आणि शिक्षक शोधण्याचे काम माझ्याकडे आले. त्या संध्याकाळी मी पहिली गोष्ट केली ती ही, की डायरीच्या कोऱ्या पानावर तीन उभे रकाने आखले : अंतर, फी आणि लौकिक.

बडोद्याच्या मराठी घरांना संगीताच्या शिकवणीचे नावीन्य नाही. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी १८८६ साली येथे गायनशाळा सुरू केली. सूरसागराजवळची तीच संस्था आज विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स विद्याशाखा म्हणून नांदते आहे. फैयाज खाँसाहेबांच्या मैफलींच्या आठवणी आमच्या वडिलांच्या पिढीत दर बैठकीला निघत. पेटी तर आमच्या घरात माझ्या जन्माआधीपासून आहे. त्यामुळे "पेटी असताना पियानो कशाला?" असे मी नातीला सहज विचारले. तिने शाळेच्या संमेलनात कुणाला तरी पियानो वाजवताना पाहिले होते. ती म्हणाली, "आजोबा, पेटीवर एकच हात गातो. दुसरा नुसता वारा घालतो."

उत्तर पोरकट असले तरी खोटे नव्हते. पेटीत डावा हात भात्यात गुंततो आणि आवाज लहान-मोठा होतो तोही भात्याच्या जोरावर. पियानोत दोन्ही हातांची दहाही बोटे गुंततात, आणि पट्टी किती हलक्या वा भारी हाताने दाबली यावर आवाज ठरतो. सुमारे १७०० साली इटलीत क्रिस्तोफोरीने हे वाद्य घडवले तेव्हा त्याचे नावच मृदू आणि मोठ्या आवाजावरून पडले. बावन्न पांढऱ्या आणि छत्तीस काळ्या, अशा अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा हा पसारा मी केवळ चित्रपटांत पाहिला होता. म्हणजे ज्या मालातले आपल्याला ओ की ठो कळत नाही, त्याची खरेदी माझ्यावर आली होती.

मुलगी त्या दिवशी माहेरी आली होती. माझा तक्ता तिने पाहिला आणि एवढेच म्हणाली, "बाबा, शिक्षक तुम्हीच शोधा. पण या वेळी शिकवणी चालू असताना बाहेर बसू नका."

'या वेळी' हे दोन शब्द मला लागले. कारण सांगायला हवे. १९९४ साली, ती नऊ वर्षांची असताना, तिच्या गाण्यासाठीही मीच शिक्षक निवडला होता. अंतर कमी, फी बेताची आणि लौकिक मोठा, असे तिन्ही रकाने उत्तम भरले होते. आठवड्यातून दोनदा मी तिला स्कूटरवरून सोडत असे आणि तासभर बाहेर स्कूटरवरच बसून फायली चाळत असे. वर्षभराने ती "मला जायचे नाही" म्हणू लागली. कला म्हटली की सोसावे लागते, असे मी तिला सुनावले. आणखी सहा महिने ती गेली. मग शिकवणी सुटली, आणि पुढे माझ्या ध्यानात आले, की ही मुलगी घरात गुणगुणतही नाही. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी एकदा बोलता बोलता तिने सांगितले : तिचा सूर चुकला की शिक्षक वर्ग थांबवत आणि इतर मुलांना तो चुकलेला सूर तिच्यासारखा गाऊन दाखवायला लावत. मुले हसत. मी भिंतीपलीकडे वीस पावलांवर होतो.

म्हणून यंदा मी प्रत्येक ठिकाणी आत बसण्याची परवानगी मागितली.

पहिला वर्ग मोठा, वातानुकूलित. भिंतीवर परीक्षांची प्रमाणपत्रे ओळीने लावलेली. शिक्षक निष्णात होते यात शंका नाही. परंतु समोरचा मुलगा चुकला, की ते त्याचा हात अलगद बाजूला सारून तो तुकडा स्वतः वाजवून दाखवत. अर्ध्या तासात जेवढे वादन झाले त्यातले निम्म्याहून अधिक शिक्षकांचे होते.

दुसरा तरुण शिक्षक घरी येणारा. सर्वांत कमी फी त्याचीच. त्याने आमच्या पुतण्याकडून उसन्या आणलेल्या की-बोर्डवर आकड्यांच्या चिकटपट्ट्या लावल्या आणि एका बैठकीत नातीकडून चित्रपटातील गाण्याची ओळ वाजवून घेतली. घरात आनंदीआनंद झाला. दुसऱ्या दिवशी हिने पुसता पुसता दोन चिकटपट्ट्या निघाल्या, आणि ती ओळ नातीला पुन्हा सापडेना. तिने आकडे पाहिले होते. सूर ऐकले नव्हते. तरुण प्रामाणिक होता. त्याने पंधरा दिवसांत गाणे वाजेल असे सांगितले होते, आणि ते वाजलेही असते.

तिसऱ्या बाई फतेहगंजमधल्या. मूळच्या गोव्याच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. आमच्या घरापासून सर्वांत दूर. घरात जुना उभा पियानो. त्यांनी नातीला प्रथम वाद्याला हातच लावू दिला नाही. टाळ्या वाजवून मात्रा मोजायला लावल्या, मग एक सूर वाजवून तो गळ्यातून काढायला सांगितला. नंतर पाच बोटांचा एक साधा तुकडा दिला. नात तिसऱ्या सुरावर चुकली आणि तिने घाबरून माझ्याकडे पाहिले. बाई कोकणी वळणाच्या मराठीत म्हणाल्या, "चुकले ते परत वाजव. मुद्दाम तसेच वाजव." तिने वाजवले. "आता बरोबर वाजव. फरक कुठे ऐकू आला?" नातीने क्षणभर विचार करून पट्टीवर बोट ठेवले. तेवढ्यावर तो विषय संपला.

मी परीक्षांचे विचारले. त्या म्हणाल्या, लंडनच्या मंडळाच्या आठ श्रेणी आहेत, देऊ की. पण प्रत्यक्ष परीक्षा १५० गुणांची, त्यांत वाजवायच्या तीन तुकड्यांचे ९०. आणि उत्तीर्ण व्हायला १०० लागतात. उरलेले ६० गुण स्वरमालिका, न पाहिलेले लेखन वाचून वाजवणे आणि कानाची पारख यांचे असतात. वर्षभर तेच तीन तुकडे घोटून घेतलेल्या मुलाला चौथा वाजवता येत नाही. "पहिले वर्ष परीक्षा नाही," त्यांनी सांगून टाकले. मग मलाच विचारले : घरी रोज पंधरा मिनिटे तिच्याजवळ कोण बसेल? वजनदार पट्ट्यांचे वाद्य घेणार की हलक्या पट्ट्यांचे? हलक्या पट्ट्यांवर बोटांत जोर येत नाही, भाड्याने मिळाले तरी चालेल, पण पट्ट्या जड हव्यात. मी शिक्षक पारखायला गेलो होतो. पारख माझीच झाली.

घरी येऊन तक्ता पुढे ओढला. अंतर, फी, लौकिक, तिन्ही रकान्यांत बाई शेवटच्या येत होत्या. मी पट्टी घेऊन चौथा रकाना आखला आणि वर लिहिले : 'चूक झाल्यावर'. तो भरला, आणि निवड झाली.

आता पाच महिने झाले. दोन्ही हात अजून धड एकत्र चालत नाहीत. रोज संध्याकाळी पंधरा मिनिटे मी तिच्याजवळ बसतो. चुकले की ती आपणहून थांबते, चूक पुन्हा वाजवते आणि पुढे जाते. तिला माझ्याकडे पाहावे लागत नाही.

परवा डायरी चाळताना तो तक्ता पुन्हा हाती आला. का कोण जाणे, खाली मोकळ्या ओळीत मी १९९४ चे ते नाव लिहिले. अंतर आठवले, फी आठवली, लौकिक तर गावाला ठाऊक होता. चौथ्या रकान्याशी पेन थांबले. तेथे लिहावे असे मी स्वतः काहीच पाहिलेले नव्हते.

मुलगी मागे येऊन उभी होती. तिने वाचले आणि शांतपणे म्हणाली, "हा रकाना तेव्हा हवा होता, बाबा."

"हो," मी म्हणालो.