खुल्या बाजाराची बाजू घेताना

अर्थशास्त्र मी कधी शिकले नाही. शेतकरी नेते शरद जोशींचं लेखन वाचायला घेतलं ते त्यांच्या चाकणच्या कांदा आंदोलनाबद्दल कुतूहल होतं म्हणून. बर्नमधली आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतली नोकरी सोडून हा माणूस परत येतो, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन स्वतः शेती करतो, पै-पैचा हिशोब ठेवतो आणि सांगतो की शेतकरी सरकारी धोरणामुळे गरीब आहे. मी भारावून गेले. आमच्या वाचनकट्ट्यावर उभी राहून म्हणाले, सरकारने बाजारातून बाजूला व्हावं. कट्ट्यावर एक काका येतात, आयुष्यभर कामगार चळवळीत काढलेले. त्यांनी शांतपणे विचारलं, "‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही जोशींचीच घोषणा, म्हणजे सरकारकडेच भाव मागणं झालं. मग बाजार खुला कसा?" मला एक वाक्यही सुचलं नाही.

घरी येऊन पुन्हा वाचलं. ‘उणे सबसिडी’ हा शब्द आधी नुसता डोळ्यांखालून गेला होता. मला समजला तो असा: निर्यात अडवून, साठ्यावर मर्यादा घालून, बाहेरून स्वस्त माल आणून सरकार भाव पाडतं, बाजारात मिळाला असता तो भाव आणि हातात पडला तो भाव यांतला फरक शेतकऱ्याच्या खिशातून गेला. म्हणजे ‘घामाचे दाम’ मागणं हे ‘भाव द्या’ नव्हे, ‘भाव पाडू नका’ असं सांगणं होतं. महाराष्ट्रात १९७२ पासून कापूस एकाधिकार योजना होती, शेतकऱ्याला आपला कापूस राज्याबाहेर नेऊन विकता येत नव्हता. आपल्या मालाचा मालक आपण, पण तो कुठे विकायचा हे ठरवणार दुसरा. मला वाटतं, स्वातंत्र्याचा मुद्दा इथे सुरू होतो. नव्वदीच्या दशकात बहुतेक शेतकरी नेते जागतिक व्यापार खुला करू पाहणाऱ्या डंकेल प्रस्तावाच्या विरोधात असताना जोशी त्याच्या बाजूने उभे राहिले, ते का, हेही मला तेव्हा उमगलं.

पुढच्या वेळी कांद्याचंच उदाहरण घेतलं. निर्यातबंदी २०१९ मध्ये झाली, २०२० मध्ये झाली, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लावून डिसेंबरात पुन्हा बंदी आली, ती मे २०२४ पर्यंत टिकली. काकांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "कांदा ऐंशी रुपये झाला तर मजुरी करणाऱ्या बाईने काय खायचं?" हा प्रश्न खोटा नाही, खुल्या बाजाराची बाजू घेणाऱ्याने तो टाळू नये असं मला मनापासून वाटतं. मी म्हटलं, तिला मदत द्यायलाच हवी, पण ती सगळ्यांच्या करातून द्या, थेट तिच्या हातात द्या. तिच्या ताटाचा खर्च निफाडच्या एका कांदेवाल्याच्या चाळीतून का काढायचा? काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "निम्मं पटलं."

उरलेल्या निम्म्यासाठी निफाडच्या मामेभावाला फोन केला. तो माझ्याच बाजूचा असणार असं धरून चालले होते. तो म्हणाला, "ताई, तू व्यापाऱ्याची वकिली करतेस का? लिलावात बोली लावणारे मोजके. ते बोलले नाहीत तर मी ट्रॅक्टर परत नेणार का?" मग त्याने उलटी पट्टी म्हणजे काय ते सांगितलं: माल विकला गेला, पण वाहतूक, हमाली, तोलाई वजा करता शेतकऱ्यानेच पैसे देणं निघालं. मी ॲडम स्मिथकडे वळले. १७७६ च्या त्यांच्या ग्रंथात बाजाराचं कौतुकच असेल असं वाटलं होतं. पण एकाच धंद्यातली माणसं एकत्र जमली की गिऱ्हाइकाविरुद्ध संगनमत करतात, हा संशय त्यांनीच तिथे स्पष्ट मांडलेला आहे.

म्हणजे घेणारे वाढायला हवेत. २०१६ मध्ये महाराष्ट्राने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायची मोकळीक दिली. "मग बाहेर का विकत नाहीस?" मी भावाला विचारलं. "बाहेर घेणारं आहे कोण? लासलगावला निदान बोली लागते." नवा घेणारा शीतगृह बांधेल, परदेशी गिऱ्हाईक जोडेल, आणि एका रात्रीत निर्यातबंदी आली की त्याचा माल बंदरात अडकेल. तो येईलच कशाला? मोकळीक कागदावर देऊन दुसऱ्या हाताने बंदी घातली की जुने मोजके व्यापारीच उरतात. व्यापाऱ्यांच्या संगनमताला निर्यातबंदीचा असा आधार मिळतो, हे मला भावाशी बोलताना कळलं.

काकांचा पुढचा प्रश्न सगळ्यांत अवघड होता. अर्थतज्ज्ञ फ्रेडरिक हायेक यांनी १९४५ च्या निबंधात मांडलं की हजारो लोकांकडे विखुरलेली माहिती किंमत नावाच्या एका आकड्यात गोळा होते. हे मी मोठ्या हौसेने सांगितलं. काका म्हणाले, "गेल्या वर्षी भाव चढला म्हणून यंदा सगळे कांदा लावतात आणि भाव कोसळतो. हीच का ती माहिती?" खरंच, तो आकडा कालचा असतो, लागवड करताना हवा असतो काढणीच्या वेळचा. त्यासाठी वायदेबाजार असतो, म्हणजे पुढच्या महिन्यांतल्या मालाचा सौदा आज. शरद जोशी त्याचा आग्रह धरत. पण डिसेंबर २०२१ मध्ये बाजार नियामक सेबीने सोयाबीन आणि हरभऱ्यासह सात शेतमालांचे वायदे थांबवले.

काकांच्या मते वायदेबाजारात सट्टेबाज भाव चढवतात. मी म्हणते, ते चढवतात की फक्त आधी ओळखतात, हे तपासायचं तरी आकडा समोर दिसायला हवा. लातूरकडच्या सोयाबीनवाल्याने पेरताना कुठल्या आकड्याकडे बघायचं, हे मी काकांना विचारलं आहे. ते वाचून येतो म्हणाले. मीही वायद्यातली अनामत रक्कम कशी ठरते ते वाचते आहे. अजून नीट समजलेलं नाही, आणि भाऊ ते पहिलं विचारणार आहे.