तोंड खाली ठेवून

मुसलमान घरात फोटोचं स्थान नेहमीच थोडं अवघड राहिलं आहे. भिंतीवर मक्का-मदिनेची तसबीर चालते, माणसाचा चेहरा नको, असं मानणारी घरं आजही आहेत. पण हजचा अर्ज, परीक्षेचा फॉर्म, १९९३ साली निवडणूक आयोगाने ठरवलेलं ओळखपत्र, या सगळ्यांना चेहराच लागतो. घनसावंगी तालुक्यातल्या आमच्या कुंभार पिंपळगावात ही ओढाताण एकाच घरात होती. अब्बा फोटो काढायचे आणि दादी पाच वक्तांची नमाजी.

रात्री न्हाणीघराची डार्करूम व्हायची. लाल बल्ब आणि तीन ट्रे : डेव्हलपर, पाणी, हायपो. आम्हा भावंडांकडे धुण्याचं काम. जाड कागदात हायपो मुरतो. तासभर पाणी बदलत धुतलं नाही तर काही वर्षांनी फोटो पिवळा पडतो. विहिरीच्या बादल्या आम्हीच वाहायचो.

खरी कसोटी वाळवताना. कागदावरचा जिलेटिनचा थर वाळताना कागदापेक्षा जास्त आकसतो, म्हणून फोटो चेहऱ्याच्या बाजूने आत वळतो. मराठवाड्यातल्या मे महिन्याच्या कोरड्या हवेत तर उन्हातल्या पापडासारखा वळायचा. गावाच्या नावातच कुंभार. ओलं मडकं उन्हात टाकलं की तडकतं, ते सावलीत हळूहळू सुकवावं लागतं, हे आम्हाला कुणी वेगळं शिकवलं नाही. ज्यांना चकाकी हवी त्यांचे फोटो अब्बा स्वच्छ काचेवर ओले चिकटवून रोलर फिरवायचे. वाळले की ते आपोआप सुटायचे. बाकीचे बाजेवर ताणलेल्या मच्छरदाणीच्या कापडावर, तोंड खाली करून. त्यामुळे धूळ बसत नाही आणि कडाही कमी उचलतात.

ती बाज नमाजच्या खोलीत असायची. तसवीर असलेल्या घरात फरिश्ते येत नाहीत, असं दादी मानायची. पहिल्यांदा तिने विचारलं, "मुंह नीच्चे है ना?" अब्बा हो म्हणाले. "फिर रहने दे." अब्बांची गरज आणि दादीचं ईमान, दोन्ही त्या एका रीतीत बसलं.

किंचित ओल असतानाच फोटो धुतलेल्या पांढऱ्या कापडात घालून वजनाखाली जायचे. वर्तमानपत्र नाही, शाई उतरते. वजनासाठी अम्मीचा नियम कडक : अरबी-उर्दू अक्षर असलेलं काहीही नाही, त्यात अल्लाहचं नाव असू शकतं. मग आमची बालभारतीची पुस्तकं आणि त्यावर पाटा.

दादीने आयुष्यात एकच फोटो काढू दिला, १९७८ साली हजसाठी. तेव्हा मुंबईहून जेद्दाला जहाज जायचं. १९९५ ला ती जहाजं बंद झाली. एक जादा प्रत अब्बांनी तिला न सांगता ठेवली होती.

डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्वाचा कायदा झाला तेव्हा अनेकांसारखी आम्हीही घरातली पेटी उघडली. सातबारा, दाखले शोधताना तळाशी एक सुरळी सापडली. धाकटा ती दाबून उघडू लागला, त्याला थांबवलं. सुकलेला जिलेटिनचा थर जोराने उलगडला तर तडे जातात, आणि तडा गेला असता तो थेट चेहऱ्यावरून.

मग झाकणाच्या मोठ्या डब्यात तळाला थोडं पाणी, त्यात वाटी पालथी, वाटीवर ताटली आणि ताटलीत सुरळी, पाण्याचा थेंब लागणार नाही अशी. सहा तासांत दमट हवेने कागद नरम झाला. टिपकागदात घालून दोन दिवस पाट्याखाली ठेवला.

तो फोटो कुठल्या कचेरीत कामाचा नाही. तो दाखवून कुणाचं नागरिकत्व सिद्ध होत नाही. पण या गावातून एक बाई निघाली, जहाजाने मक्केला गेली आणि इथेच मातीत मिळाली, एवढं तरी पणतवंडांना बघता आलं. त्यांनी मोबाइलवर त्याच्या प्रती काढल्या. भिंतीवर लावायचा का, असं एकाने विचारलं. मोठ्या फुफूने नाही म्हटलं. फोटो साध्या पाकिटात घालून पेटीत ठेवला, तोंड खाली.