हिमरूची शेरवानी आणि बाराशे रुपये

दिवाळीची सुट्टी लागली आणि पुण्यात शिकणारी आमची भाची जालन्याला आली. फॅशन स्टायलिंगचे तिचे दुसरे वर्ष. स्टायलिस्ट कपडे शिवत नाही. कोणता कपडा कुणाला, कशाबरोबर आणि कुठे शोभेल, हे ठरवण्याचे त्याचे काम. घरात हे सगळ्यांना समजावून झाले होते. तरी भाईजानचे एकच म्हणणे, "दुसऱ्याला नटवायला शिकायचे आणि त्यासाठी एवढी फी?" तिसऱ्या वर्षाचे पैसे भरायचे की नाहीत, हे त्यांनी ठरवले नव्हते. त्यातच कॉलेजने सहा छायाचित्रांचे काम दिले होते. वर्गातल्या काही मुलींनी स्टुडिओ भाड्याने घेतले, मॉडेल ठरवल्या. हिच्याजवळ होते बाराशे रुपये आणि एक मोबाइल.

शेवटी अम्मींनी लोखंडी पेटी उघडली. आत कडुलिंबाच्या पाल्यात जपून ठेवलेली अब्बा मरहूम यांची निकाहातली शेरवानी होती, औरंगाबादच्या हिमरूची. अम्मींची अट एकच: कात्री लावायची नाही. मॉडेल व्हायला आमची लेक तयार झाली, तेव्हा आम्हीही अट घातली की चेहरा दिसता कामा नये. भाचीने दोन्ही अटी वहीत लिहून घेतल्या आणि म्हणाली, "फुफी, कपडा हिमरूचा आहे तर फोटो औरंगाबादलाच काढू."

जालन्याहून औरंगाबाद साठेक किलोमीटर. पहाटेच्या गाडीने आम्ही चौघे निघालो: भाची, लेक, धाकटा मुलगा आणि पिशव्या सांभाळायला आम्ही. मुलाच्या काखेत चंदेरी कागद चिकटवलेला थर्माकोलचा तक्ता होता. उजेड परतवायला स्टुडिओत जे महागडे साधन असते, त्याचे काम हा तक्ता करतो. शिवाय एक पांढरी चादर, कपडे वाळत घालायचे डझनभर चिमटे, पिना आणि मोबाइलची तिपाई.

भाचीच्या मनात बीबी का मकबरा होता. पण तिपाई पाहताच दारावरच्या रखवालदाराने नम्रपणे सांगितले, "हाताने फोटो काढा, ही मात्र आत नेता येणार नाही. त्यासाठी आधी परवानगी लागते." तिचा चेहरा उतरला. सामान बाहेर ठेवून आम्ही आत गेलो.

दिलरस बानू बेगम १६५७ मध्ये वारल्या. त्यांच्या नावाची ही वास्तू त्यांचा मुलगा आझमशाह याच्या नावाशी जोडली जाते. दरवाजावरच्या लेखात अताउल्लाह आणि हंसपतराय या कारागिरांची नावे आहेत. 'तवारीखनामा' लिहिणाऱ्या गुलाम मुस्तफा यांनी खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे असा नोंदवला आहे. आग्र्याच्या ताजच्या मानाने ही रक्कम फारच थोडी. म्हणून इथे संगमरवर भिंतीच्या खालच्या पट्ट्याला आणि घुमटाला. मधला भाग आपल्याच काळ्या दगडाचा, वर घोटून गुळगुळीत केलेला चुन्याचा गिलावा आणि त्यातच उठवलेली नक्षी. लोक याला गरिबांचा ताज म्हणून हसतात. आम्ही मात्र मुलांना तो गिलावा जवळून दाखवला. पैसा कमी पडला, तिथे कारागिराने हात जास्त चालवला आहे.

वरच्या कठड्यावरून खाली अष्टकोनी जाळीतली कबर दिसते. आम्ही फातिहा पढलो. भाची बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, "फुफी, परवानगी मिळाली असती तरी इथे नकोच. इथे कुणाची तरी आई आहे." आम्हाला जे सांगायचे होते, ते तिने स्वतःच ओळखले.

तिथून रिक्षाने जाफर गेटकडे गेलो. हिमरू विणणारी घरे आता फार थोडी उरली आहेत. विचारत विचारत एका वयस्कर चाचांच्या दारात पोहोचलो. शेरवानी हातात घेताच त्यांनी ती आधी उलटी केली. आतल्या बाजूला नक्षीचे रेशमी धागे मोकळे सोडलेले असतात; त्यामुळेच हिमरू मऊ आणि उबदार. चाचा म्हणाले, "किनखाब सोन्याचांदीच्या तारांचा, बादशहांना परवडणारा. हिमरूत सूत आणि रेशीम. नावाचा अर्थच 'त्याच्यासारखे'." पुरुषांना शुद्ध रेशीम मना आहे, म्हणून मशरू निघाले: वर रेशीम, अंगाला सूत. मशरू म्हणजे शरीअतने मुभा दिलेले. पूर्वी मागावर दोघे बसत, एक विणायला आणि दुसरा नक्षीचे दोरे उचलायला. आता छिद्रांच्या पुठ्ठ्यांवर चालणारे जॅकार्ड आहे. चाचांची मुले मात्र या कामात नाहीत.

भाचीने भीत भीत विचारले, "चाचा, तुमच्या अंगणात फोटो काढू?" पैसे त्यांनी घेतले नाहीत. म्हणाले, "खाली हिमरू लिही बेटी, ब्रोकेड लिहू नकोस."

दुपारचे ऊन कडक झाले होते. अंगणात दोरीवर चादर ताणली, तसा खाली दुधासारखा मऊ उजेड पडला. लेकीला शेरवानी फारच सैल. भाचीने पाठीमागून चिमटे लावून ती अंगासरशी बसवली. समोरून शिंप्याने मापावर शिवल्यासारखी! पाठमोरे फोटो घेताना चिमटे काढून वरून पांढरी ओढणी सोडली. मागाच्या दोऱ्यांवर टेकलेला बाहीचा हात, खुंटीवर टांगलेली शेरवानी आणि शेवटी शेरवानीची उलटी बाजू. सहा फोटो झाले, चेहरा एकातही नाही. संध्याकाळी नान-खलिया खाऊन हिशेब केला, तर बाराशेतले साठ रुपये उरले होते.

घरी भाईजाननी फोटो भराभर पुढे सरकवले. शेवटच्यावर थांबले. उलट्या बाजूला काखेजवळ एक बारीक रफू होता. "हा अम्मींच्या हातचा," ते म्हणाले, आणि मोबाइल अम्मींकडे नेऊन दिला. अम्मींनी चष्मा लावून पाहिले. कोणत्या ईदला ती शेरवानी फाटली होती, तेही सांगितले.

फीबद्दल भाईजान अजून काही बोललेले नाहीत. पण रात्री भाचीला विचारत होते, "पुण्याला परत कधी जायचे? तिकीट काढायला हवे." आणि तिने प्रत्येक फोटोखाली एकच शब्द लिहिला आहे: हिमरू.

वाचक भगिनींनो, तुमच्याही घरात अशी एखादी पेटी असेल. मुलींच्या हाती ती एकदा द्या. कपडा उलटूनही पाहू द्या.